घाटीच्या मेडिसिन वॉर्डात डॉक्टर कसा घडतो? रुग्ण, नातेवाईक आणि पालकांनी समजून घ्याव्यात अशा काही गोष्टी

"सकाळपासून चार जण येऊन गेले, चौघांनी तेच विचारलं. यांना एकमेकांना सांगता येत नाही का?" छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात माणूस भरती केलेल्या जवळपास प्रत्येक कुटुंबाकडून आम्हाला ही तक्रार ऐकायला मिळते. तक्रार खोटी नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला, धाप लागलेल्या आजीला तेच तेच सांगताना त्रास होतो. काही जण वैतागून चुकीची उत्तरे देतात, काही जण गप्प बसतात, तर काही जण "हा शिकाऊ आहे, याला काय सांगायचं" म्हणून तोंड फिरवतात.

दुसऱ्या बाजूला, आपल्याच वस्त्यांमधून आता मुले-मुली एमबीबीएसला जाऊ लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांना मुलगा डॉक्टर होतो आहे एवढे माहीत असते. तो वॉर्डात नेमके काय करतो, कोणाच्या हाताखाली शिकतो, तिथे त्याला काय सोसावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

रुग्ण आणि विद्यार्थी, दोघेही एकाच खाटेजवळ भेटतात आणि दोघांनाही एकमेकांची गरज असते. म्हणून ही भेट कशासाठी असते आणि ती बिघडली तर कोणाचे नुकसान होते, हे साध्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

घाटी हे रुग्णालय आहे आणि शाळाही

येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बाबासाहेबांनी येथे महाविद्यालय सुरू केले ते १९५० मध्ये, त्याचेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. म्हणजे पाच-सहा वर्षांच्या अंतराने या शहरात उच्च शिक्षणाची आणि वैद्यकीय शिक्षणाची दारे उघडली. नंतर अंबाजोगाई, नांदेड, लातूर येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली. तरीही जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्याकडचे गंभीर रुग्ण आजही घाटीची वाट धरतात.

जिल्हा रुग्णालय आणि घाटी यांत एक महत्त्वाचा फरक आहे. घाटी सार्वजनिक आरोग्य विभागाखाली येत नाही. ती वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येते. तिथे उपचार आणि शिक्षण एकाच वेळी चालते. तिथला प्राध्यापक तुमच्यावर उपचार करतो आणि त्याच वेळी विद्यार्थ्यांना शिकवतो. खाटेभोवती दहा-बारा पांढरे कोट दिसतात ते यामुळेच. गर्दीचा त्रास होतो, हे खरे. पण एका रुग्णाकडे इतक्या जणांनी पाहण्याचा फायदाही असतो. एकाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट दुसऱ्याला दिसू शकते.

मेडिसिन, म्हणजे सरकारी कागदावरचा औषधवैद्यकशास्त्र विभाग, हा या शिक्षणाचा कणा मानला जातो. शस्त्रक्रियेशिवाय बरे होणारे किंवा आटोक्यात राहणारे मोठ्या माणसांचे बहुतेक आजार इथे येतात. मधुमेह, रक्तदाब, लकवा, क्षयरोग, डेंग्यू, कावीळ, दारूमुळे खराब झालेले यकृत, हृदयाच्या झडपांचे आजार, किडनीचे विकार ही त्यांतली काही नावे. पावसाळ्यात शेतातून येणारे सर्पदंशाचे रुग्ण आणि वर्षभर येणारे कीटकनाशक पोटात गेलेले रुग्ण मराठवाड्याच्या कोणत्याही मेडिसिन वॉर्डाला नवे नाहीत. त्यामुळे हा वॉर्ड म्हणजे या भागातल्या जगण्याचे चित्रच असते. शेती, मजुरी, कर्ज, व्यसन, अपुरा आहार हे सगळे तिथे आजाराच्या रूपात खाटेवर झोपलेले असते.

पांढऱ्या कोटातला कोण कोण?

पहिला गोंधळ इथेच होतो. सगळ्यांचे कोट पांढरे, सगळ्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप. पण प्रत्येकाचे काम वेगळे असते.

मेडिसिन विभागाची अनेक पथके असतात, त्यांना युनिट म्हणतात. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे आणि रुग्ण भरती करून घेण्याचे दिवस ठरलेले असतात. ज्या युनिटच्या दिवशी तुम्ही भरती झालात ते तुमचे युनिट. युनिटचे प्रमुख प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असतात. त्यांच्या हाताखाली सहायक प्राध्यापक आणि वरिष्ठ निवासी डॉक्टर असतात. त्यानंतर कनिष्ठ निवासी डॉक्टर, म्हणजे एमबीबीएस पूर्ण करून एमडी करणारे. रात्री-अपरात्री वॉर्डात प्रत्यक्ष सापडतात ते बहुधा हेच. त्यांच्यानंतर इंटर्न येतात. यांनी साडेचार वर्षांचे शिक्षण संपवलेले असते आणि १२ महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप सुरू असते. त्यांतले ६ आठवडे मेडिसिनमध्ये आणि १२ आठवडे जनऔषधवैद्यकशास्त्र विभागात, म्हणजे प्रामुख्याने गाव व वस्तीच्या आरोग्याच्या कामात जातात. इंटर्न रक्त काढतो, सलाईन लावतो, ईसीजी काढतो. पण तो वरिष्ठांच्या देखरेखीखालीच काम करतो. मृत्यूचा दाखला किंवा पोलिस केसची कागदपत्रे स्वतःच्या सहीने देण्याचा अधिकार त्याला नसतो.

सगळ्यात शेवटी विद्यार्थी. तो तुमच्यावर उपचार ठरवत नाही, औषध लिहीत नाही. तो विचारतो, तपासतो आणि वहीत लिहितो. चौथ्यांदा तेच विचारणारा बहुधा हाच असतो.

आणखी एक माणूस वॉर्डात लक्षात ठेवावा, तो म्हणजे समाजसेवा अधीक्षक. औषधाला पैसे नसणे, कागदपत्रे नसणे, शासकीय योजनेचा लाभ, सोबत कोणी नसलेला रुग्ण, या बाबतींत मदत करण्यासाठी शासनाने हे पद ठेवले आहे. आपल्यातल्या अनेकांना ते माहीतच नसते.

विद्यार्थी वॉर्डात कधी येतो?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे विषय असतात. दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थ्याला खऱ्या अर्थाने वॉर्डात पाठवतात. पुढे शेवटच्या वर्षापर्यंत मेडिसिनची पाळी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येते.

२०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून देशभर नवा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला किती पाठ आहे यापेक्षा प्रत्यक्ष काय करता येते, हे तपासण्यावर त्याचा भर आहे. त्यात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे वेगळे प्रशिक्षण घातले आहे. सुरुवातीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेची तोंडओळखही ठेवली आहे. विद्यार्थ्याने एखादा रुग्ण भरती झाल्यापासून सुट्टी होईपर्यंत पाहावा, उपचार करणाऱ्या पथकाचा भाग म्हणून शिकावे, अशी त्यात अपेक्षा आहे. विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवायची, असा कार्यक्रमही २०२२ मध्ये आणला गेला.

कागदावर हे सगळे उत्तम आहे. ते वॉर्डात किती उतरते, हे मात्र शिक्षक किती आहेत, एका खाटेभोवती किती विद्यार्थी आहेत आणि रुग्ण किती मोकळेपणाने बोलतो, यावर अवलंबून असते.

हिस्ट्री: आजाराची गोष्ट

वॉर्डातले पहिले काम म्हणजे 'हिस्ट्री' घेणे. तिचा क्रम ठरलेला असतो. नाव, वय, गाव, काम. मग मुख्य तक्रार आणि ती किती दिवसांपासून आहे. मग त्या तक्रारीची सुरुवात कशी झाली, ती वाढली कशी, कमी कशाने होते. मग आधीचे आजार, घरातल्यांचे आजार, खाणे, झोप, संडास, लघवी, व्यसन, आधी घेतलेली औषधे. बाई असेल तर पाळी आणि बाळंतपणे.

हे प्रश्न उगाच नसतात. १९७५ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी मेडिसिनच्या ओपीडीत आलेल्या ८० नव्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ६६ रुग्णांच्या बाबतीत संदर्भ-चिठ्ठी आणि रुग्णाचे बोलणे एवढ्यावरूनच जे निदान झाले, तेच शेवटी बरोबर ठरले. हाताने तपासण्याने निदान बदलले ते ७ जणांचे आणि लॅबमधील चाचण्यांनी आणखी ७ जणांचे. आज यंत्रे कितीतरी वाढली आहेत. तरीही कोणती चाचणी करायची हे ठरवायला आजही रुग्णाची गोष्टच लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, पैठण तालुक्यातून कापूस वेचणारी ४५ वर्षांची बाई भरती झाली. तक्रार अशी: अशक्तपणा, चार पावले चालले की धाप. खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन ५. गावात तिला दोनदा सलाईन लावली होती आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या. आता तिला रक्त चढवून घरी पाठवणे सोपे आहे. पण रक्त गेले कुठे, हा प्रश्न उरतोच.

विद्यार्थिनी विचारते, "मावशी, काही औषध चालू आहे का?" मावशी म्हणतात, "नाही बाई." त्या खोटे बोलत नाहीत. गुडघ्यांसाठी दोन वर्षे रोज किराणा दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी त्यांच्या हिशेबी 'औषध' नसतेच. विद्यार्थिनीने प्रश्न बदलला, "गुडघे दुखल्यावर काय घेता?" तर उत्तर येते. मग पुढचा प्रश्न, "संडास डांबरासारखी काळी होते का?" हो, होते. रक्तवाढीच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, म्हणून आणखी एक प्रश्न: "या गोळ्या सुरू व्हायच्या आधीपासून होती का?" आधीपासूनच होती.

आता चित्र बदलले. दुखण्याच्या गोळ्यांनी जठरात जखम झाली असावी आणि तिथून थोडे थोडे रक्त जात असावे, ही शंका पक्की होते. मग दुर्बिणीची तपासणी होते, ती गोळी बंद होते, जखमेवर उपचार सुरू होतात. हे विचारलेच नसते तर मावशी रक्त चढवून गेल्या असत्या, गुडघ्यांची गोळी पुन्हा सुरू झाली असती आणि काही महिन्यांनी त्या अधिक वाईट अवस्थेत परत आल्या असत्या.

निवासी डॉक्टरला त्या दिवशी पन्नास रुग्ण पाहायचे असतात. मावशींजवळ अर्धा तास बसायला सवड असते ती विद्यार्थ्याला. म्हणूनच ज्याला आपण 'शिकाऊ' म्हणून टाळतो, त्याच्याच वहीत कधी कधी आजाराचे खरे कारण सापडते. अर्थात, सापडलेली गोष्ट त्याने वरिष्ठांना सांगायला हवी आणि वरिष्ठांनी ती ऐकायला हवी.

डोळे, हात आणि कान

हिस्ट्रीनंतर तपासणी. तिचा क्रम चार पायऱ्यांचा आहे: पाहणे, हाताने चाचपणे, बोटाने ठोकून पाहणे आणि स्टेथोस्कोपने ऐकणे.

छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकताना पाहून अनेक रुग्णांना गंमत वाटते. ही पद्धत ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये मांडली. त्यांचे वडील खानावळ चालवत. पिंपात दारू किती उरली हे पिंप ठोकून कळते, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. आपल्याकडेही पाण्याची टाकी किती भरली हे बाया ठोकूनच ओळखतात. फुप्फुसाभोवती पाणी साचले की तिथला आवाज बद्द येतो. स्टेथोस्कोप आला १८१६ मध्ये, पॅरिसला. रेने लेनेक यांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावून ऐकणे संकोचाचे वाटले. त्यांनी कागदाची गुंडाळी करून तिच्या छातीवर ठेवली आणि ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले. डॉक्टरची ओळख बनलेले हे साधन रुग्णाचा संकोच जपण्याच्या गरजेतून आले, हे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी विसरू नये.

विद्यार्थ्यांना वर्गाऐवजी वॉर्डात, खाटेजवळ शिकवण्याची पद्धत रुजवण्याचे मोठे श्रेय विल्यम ऑस्लर यांना दिले जाते. १८९० च्या दशकात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी विद्यार्थ्यांना वॉर्डातली कामे देऊन शिकवले. आपण वॉर्डांत विद्यार्थ्यांना शिकवले, हीच आपली ओळख राहावी असे ते म्हणत. घाटीतला सकाळचा राऊंड त्याच परंपरेतला आहे. तिथे विद्यार्थी सरांसमोर केस मांडतो, सर प्रश्न विचारतात, हात धरून प्लीहा कशी चाचपायची ते दाखवतात. पुस्तकात 'प्लीहा वाढलेली' हे दोन शब्द असतात. बोटांना ती जाणवण्यासाठी वीस पोटे तपासावी लागतात. ती पोटे बहुतेक वेळा गरिबांची असतात, हे सत्य कोणत्याही विद्यार्थ्याने मनात जागे ठेवावे.

'घाबरं होतंय' म्हणजे काय?

वॉर्डातली मोठी अडचण भाषेची आहे. अखिल भारतीय कोट्यातून इतर राज्यांतील विद्यार्थी येतात. मराठी विद्यार्थी असला तरी तो इंग्रजीत शिकलेला असतो. रुग्ण बोलतो मराठवाडी मराठी, दख्खनी उर्दू, गोरमाटी.

"घाबरं होतंय" हे वाक्य घ्या. भीती वाटते, असा त्याचा अर्थ लावला तर घात होईल. छातीत धडधडणे, श्वास अडकल्यासारखे होणे, साखर अचानक कमी होणे, इतकेच नव्हे तर हृदयविकाराचा झटका, यांतले काहीही त्यामागे असू शकते. "चक्कर येते" म्हणजे डोळ्यापुढे अंधारी येते, की भिंती गरगर फिरतात, की चालताना तोल जातो? तिन्हींची कारणे वेगळी. "अंगात कसकस" म्हणजे मोजल्यावर न दिसणारा तापही असतो आणि संध्याकाळी येणारा क्षयरोगाचा बारीक तापही असतो. "अंगावरून पांढरं जातं", "बाहेरची झाले" ही वाक्ये परप्रांतीय मुलाला कोण समजावणार?

इथे आपल्या वस्तीतून, गावातून आलेल्या विद्यार्थ्याकडे एक असे भांडवल असते जे शिकवणीच्या वर्गात विकत मिळत नाही. त्याला ही भाषा येते. रोजंदारी बुडेल म्हणून आजार अंगावर काढणे म्हणजे काय, हे त्याने घरी पाहिलेले असते. क्षयरोगाच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात, पण दोन महिन्यांत बरे वाटले की माणूस ऊसतोडीला निघून जातो आणि गोळ्या सुटतात, हे त्याला पुस्तकाबाहेरही कळते. अशा विद्यार्थ्याने आपल्या बोलीची लाज न बाळगता तिचा उपयोग करावा. क्षयरुग्णाला उपचारकाळात पोषणासाठी दरमहा मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. एवढे जरी त्याने रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितले, तरी गोळ्या पूर्ण होण्याची शक्यता वाढते.

जालन्याच्या डॉक्टरांनी खाटेजवळ बसून काय मिळवले?

खाटेजवळ बसून नीट पाहिल्याने काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे, शेतकरी कुटुंबातले. १९७० च्या दशकात ते रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती. त्यांनी रुग्णांजवळ रात्री बसून नोंदी ठेवल्या: उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, मग फुप्फुसात पाणी होऊन मृत्यू. जीव धोक्यात असल्याची ही आधीची लक्षणे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात मांडली. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांना दिले. पूर्वी चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आल्याचे सांगितले जाते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. रुग्ण, वही, घड्याळ आणि रक्तदाब मोजायचे यंत्र होते. मेडिसिन वॉर्डातली हिस्ट्री आणि तपासणी मन लावून शिकलेला डॉक्टर आडगावातही काय करू शकतो, हे यातून समजते.

रुग्णाचा हक्क कुठे सुरू होतो?

सरकारी रुग्णालयात उपचार स्वस्त आहेत म्हणून रुग्णाचे शरीर कोणीही न विचारता उघडे करावे, असा अर्थ होत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली. २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती अंमलबजावणीसाठी राज्यांकडे पाठवली. आजाराची माहिती मिळणे, संमती, गोपनीयता व सन्मान हे हक्क तिच्यात आहेत. पुरुष डॉक्टरने स्त्री रुग्णाची तपासणी करताना दुसरी स्त्री हजर असावी, हेही तिच्यात आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर संसर्ग असलेल्या व्यक्तीची ओळख गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे. राऊंडमध्ये दहा जणांसमोर मोठ्याने असा आजार उच्चारणे कुठल्याही कारणाने योग्य ठरत नाही.

म्हणून विद्यार्थ्याने आधी स्वतःचे नाव सांगावे, मी विद्यार्थी आहे हे सांगावे, तपासू का असे विचारावे, पडदा ओढावा, तपासून झाल्यावर अंगावर पांघरूण घालावे. "ए बाबा, उठ" न म्हणता "काका, जरा उठून बसता का?" म्हणावे. रुग्ण नको म्हणाला तर दुसऱ्या खाटेकडे जावे. नकार दिला म्हणून उपचार थांबत नाहीत, हे रुग्णाने आणि नातेवाइकांनी लक्षात ठेवावे.

खाटेजवळ पुढे कोणाला बोलावले जाते?

आता विद्यार्थ्यांच्या बाजूचा एक कठीण प्रश्न. वॉर्डातले शिक्षण पुस्तकासारखे सगळ्यांना सारखे मिळत नाही. खाटेभोवती पंधरा जण उभे असतात. सर कोणाला पुढे बोलावतात, कोणाला 'तू तपास' म्हणतात, कोणाची चूक समजावून सांगतात आणि कोणाच्या चुकीवर हसतात, यावर कोण किती शिकतो हे ठरते. परीक्षेतही केस आणि तोंडी परीक्षेचे गुण समोरच्या परीक्षकाच्या हातात असतात.

केंद्र सरकारने २००६ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीच्या एम्समधील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करणारी समिती नेमली. २००७ च्या तिच्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून मिळणारे सहकार्य, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा आणि वसतिगृह अशा ठिकाणी भेदभावाचा अनुभव येत असल्याचे नोंदवले गेले. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवले. वरिष्ठांकडून जातीवरून छळ होत असल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला, तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाचा निर्णय न्यायालय देईल. पण "नीटला किती मार्क होते?" हा साधा वाटणारा प्रश्न अनेकदा जात विचारण्यासाठीच असतो, हे वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारी आपली मुले वारंवार सांगतात.

प्रवेश मिळाला म्हणजे समता मिळाली असे नाही. ज्याला मागच्या रांगेत उभे केले जाते, त्याच्या बोटांना प्लीहा लागत नाही. त्याचे नुकसान त्याच्यापुरते राहत नाही. उद्या तो ज्या रुग्णांना तपासणार, त्यांचेही ते नुकसान आहे.

आपण काय करू शकतो?

रुग्ण आणि नातेवाइकांनी जुनी सगळी कागदपत्रे आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत घालून सोबत आणावीत. किराणातून घेतलेली गोळी, झाडपाला, दारू, तंबाखू, मध्येच सोडलेला उपचार, यांतले काही लपवू नये. चारचौघांत सांगणे अवघड वाटले तर "एकट्याला सांगतो" असे म्हणावे. चौथ्यांदा विचारले तर "मी दमलोय, थोड्या वेळाने या" असे सांगण्याचा हक्क आहे. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा ते कितीतरी बरे. आपले युनिट कोणते आणि निवासी डॉक्टर कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवावे.

पालकांनी मुलाला फक्त "पास झालास का" विचारू नये. "वॉर्डात तुला पुढे येऊ देतात का? रात्री झोप मिळते का? जेवतोस का?" हेही विचारावे. सुई टोचली तर लपवू नको, लगेच वरिष्ठांना सांग, असे बजावावे. एचआयव्ही टाळण्याचे औषध शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. मूल अचानक गप्प झाले, फोन टाळू लागले तर गाडी पकडून भेटायला जावे.

विद्यार्थ्यांनी मागे उभे राहण्याची सवय लावून घेऊ नये. राऊंड संपल्यावर एकटे परत जावे, खाटेजवळ बसावे. जे सकाळी पंधरा जणांच्या गर्दीत मिळाले नाही, ते दुपारी एका आजोबांजवळ बसून मिळते. छळ झाला तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवावेत आणि महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी तक्रार द्यावी. एकट्याने लढू नये.

आपल्या विहारांमध्ये आणि संघटनांमध्ये डॉक्टर झालेल्यांचे सत्कार होतात. ते व्हावेतच. त्याचबरोबर दर महिन्याला एखादा रविवार असा ठेवता येईल, ज्या दिवशी आधी डॉक्टर झालेले आपले भाऊबहीण नव्या विद्यार्थ्यांसोबत बसतील. केस कशी मांडायची, तोंडी परीक्षेला कसे उभे राहायचे, त्रास झाला तर कुठे जायचे, हे सांगतील. त्याच सभेला वस्तीतील माणसांना भरती होताना काय न्यायचे आणि काय सांगायचे, हेही समजावता येईल. यासाठी निधी लागत नाही. एक सतरंजी आणि दोन तास पुरतात.